हे पेन मला विकून दाखवा!



आमच्या गोतावळ्यातली तीन मुलं यंदा एकदमच नोकरीच्या बाजारात उतरली आहेत आणि तिघांनाही पहिलं दार दिसतंय ते विक्रीच्या खात्याचं. यात नवल काही नाही. शिक्षण कुठल्याही शाखेचं असो, ओळखपाळख असो-नसो, 'सेल्स'मध्ये जागा असतेच. ती का असते ते पुढे येईलच. तिघांचा प्रश्न मात्र एकच, "काका, तिथे तिरके प्रश्न विचारतात म्हणे, त्यांना उत्तरं काय द्यायची?" मी एकतीस वर्षं औषधांची बॅग वाहिली, त्यातली शेवटची सोळा वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून मुलाखतीही घेतल्या. तेव्हा मला विचारणं साहजिकच आहे. फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

पण तयार उत्तरांची यादी मी देणार नाही. ती पुस्तकांत आणि हल्ली मोबाइलवर ढिगाने मिळते, आणि टेबलापलीकडच्या माणसाने ती तुमच्या आधी वाचलेली असते! मला जास्त कुतूहल वाटलं ते या प्रश्नांच्या वंशावळीचं. 'हे पेन मला विकून दाखवा', 'तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता', 'आम्ही तुम्हालाच का घ्यावं'... हे प्रश्न मुळात आले कुठून? कुणाला आणि कशासाठी सुचले? निवृत्तीनंतर हाताशी वेळ आहे. धागा ओढत गेलो तो थेट अमेरिकेतल्या एका दारूच्या गुत्त्यापर्यंत पोचलो. :)

ओहायो राज्यात डेटन नावाचं गाव आहे. तिथे जेम्स रिटी नावाचा गुत्तेवाला होता. गल्ल्यावरचे नोकर पैसे खिशात घालतात म्हणून वैतागलेल्या या गृहस्थाने १८७९ साली हिशेब दाखवणाऱ्या गल्ल्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. १८८४ साली जॉन पॅटरसन याने तो धंदा विकत घेतला आणि 'नॅशनल कॅश रजिस्टर' ही कंपनी उभी राहिली. पण हे यंत्र कुणाला नकोच होतं. दुकानदार म्हणे, माझा लाकडी ड्रॉवर काय वाईट आहे? आणि नोकर म्हणत, आम्हाला चोर ठरवायला हे आणलंय. म्हणजे ज्याला विकायचं त्याला गरज वाटत नाही आणि जो वापरणार तो शत्रू. विक्रेत्याची खरी परीक्षा ती हीच.

पॅटरसनच्या विक्रेत्यांत त्याचा मेहुणा जोसेफ क्रेन सगळ्यांत पुढे होता. तू नेमकं बोलतोस तरी काय, असं त्याला विचारून ते बोलणं लिहून काढण्यात आलं, आणि १८८७ साली त्याची पुस्तिका झाली. प्रत्येक विक्रेत्याने ती तोंडपाठ करायची. गिऱ्हाईक असं म्हणालं तर तुम्ही तसं म्हणा, इथे थांबा, इथे यंत्राकडे बोट करा... सगळं त्यात होतं. १८९० च्या दशकात डेटनला विक्रेत्यांची शाळाही निघाली. पुढे आयबीएमला नावारूपाला आणणारा थॉमस वॉटसन १८९६ मध्ये याच कंपनीत विक्रेता म्हणून लागला होता.

आपल्याकडेही याच्या तोडीची गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवले, तेव्हा शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. नांगर चांगला असून पडून राहिले. शेतकऱ्याला समजावत, त्याच्या शंकेला उत्तर देत देत ते विकावे लागले. 'विकणं म्हणजे नकाराला उत्तर देणं' ही गोष्ट डेटनला आणि बेळगावला साधारण एकाच काळात कळली होती म्हणायची.

विकायचं कसं ते शिकवता येतं, हे पॅटरसनने दाखवून दिलं. पण शिकवायला घ्यायचं कुणाला? दारात पन्नास तरुण उभे आहेत, त्यातला कोण विकू शकेल आणि कोण चौथ्या दिवशी पळेल? इथून आपल्या विषयाला खरी सुरुवात होते.

पहिली उत्तरं अगदीच अचाट होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत कॅथरीन ब्लॅकफर्ड नावाच्या बाईंचा फार बोलबाला होता. माणसाचा चेहरा, कपाळ, हनुवटी, केसांचा रंग पाहून तो कुठल्या कामाचा हे त्या सांगत. सोनेरी केसांचा माणूस धडाडीचा, पुढे घुसणारा, म्हणजे विक्रीला योग्य. काळ्या केसांचा माणूस सोशिक, संथ, एका जागी बसून करायच्या कामाला बरा. धंदेवाईक लोक हे गंभीरपणे घेत होते. त्या हिशेबाने अख्ख्या महाराष्ट्रात एकही सेल्समन निपजायला नको होता! १९२२ साली डोनाल्ड पॅटरसन आणि कॅथरीन लडगेट या दोघांनी (हा पॅटरसन वेगळा, मानसशास्त्रज्ञ) सोनेरी आणि काळ्या केसांच्या माणसांचे गुण ओळखीच्या लोकांकडून तपासून घेतले. फरक काहीच निघाला नाही.

त्याच सुमारास वॉल्टर डिल स्कॉट हा नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला मानसशास्त्राचा प्राध्यापक या भानगडीत पडला. जाहिरातीच्या मानसशास्त्रावर त्याने आधी लिहिलं होतं. १९१५ मध्ये त्याने एक साधी गोष्ट करून पाहिली. विक्रेत्याच्या नोकरीसाठी आलेले ३६ उमेदवार आणि त्यांच्या मुलाखती घेणारे ६ अनुभवी सेल्स मॅनेजर. प्रत्येकाने स्वतंत्रपणे सगळ्यांना भेटायचं आणि क्रम लावायचे. निकाल काय? ३६ पैकी २८ जणांच्या बाबतीत तो उमेदवार वरच्या अर्ध्यात बसतो की खालच्या, एवढ्यावरसुद्धा या सहा जणांचं एकमत झालं नाही!

काही वर्षांनी हॅरी हॉलिंगवर्थ या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने असाच प्रयोग मांडला, १२ सेल्स मॅनेजर आणि ५७ उमेदवार. तिथेही तेच. एकाने वरच्या रांगेत बसवलेला माणूस दुसऱ्याने पार तळाला नेऊन टाकला होता.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. मुलाखतीला जाताना पोटात गोळा येतो तो कशामुळे? समोरच्याला आपलं सगळं कळणार आहे, या भीतीमुळे. तो मुरलेला आहे, माणसं ओळखतो, आपण चालत आत येतो तेवढ्यात त्याचा निर्णय झालेला असतो, असं आपल्याला वाटतं. आणि इथे शंभर वर्षांपूर्वीचा कागद सांगतोय की त्याला कळत नाही. त्याला आणि शेजारच्या खुर्चीतल्या त्याच्या सहकाऱ्यालाही वेगवेगळंच दिसतं. तिरका प्रश्न हा त्याच्या ज्ञानातून येत नाही, त्याच्या अडचणीतून येतो. तो चाचपडतोय. माझ्या मते एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

स्कॉट मात्र निराश झाला नाही. १९१६ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी तंत्रसंस्थेत विक्रीकलेच्या संशोधनासाठी एक विभाग निघाला, तिथे तो प्रमुख म्हणून गेला. खर्चाचा भार मोठमोठ्या कंपन्यांनी उचलला. उमेदवाराची पूर्वपीठिका लिहून घेण्याचा ठराविक नमुना, आधीच्या मालकाला पाठवायचं ठराविक पत्र, मुलाखत घेणाऱ्याने गुण कसे द्यायचे याचा तक्ता, अशी सगळी साधनं तिथे तयार झाली. आज आपण जो बायोडेटाचा फॉर्म भरतो त्याचे पणजोबा तिथले! व्यापाऱ्याच्या भूमिकेतल्या परीक्षकाला उमेदवाराने प्रत्यक्ष माल विकून दाखवायचा, हाही त्याच्या पद्धतीचा भाग होता. म्हणजे 'हे पेन विकून दाखवा'चं मूळ रूप. लक्षात घ्या, हा प्रश्न कुणाची फजिती करायला जन्माला आला नव्हता. नुसत्या गप्पांवरून माणूस कळत नाही, तेव्हा थोडं काम करवून बघू, असा त्यामागचा सरळ विचार होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने अधिकारी निवडायला स्कॉटचाच तक्ता वापरला.

सरळ विचार वाकडा कधी झाला? माझ्या वाचनात त्याची दोन वळणं आली.

पहिलं वळण एडिसनचं. होय, तोच दिव्याचा एडिसन. कॉलेजातून शिकून आलेल्या पोरांना काही येत नाही असं त्याचं मत होतं. कारखान्यातल्या वरच्या जागांसाठी त्याने सुमारे दीडशे प्रश्नांची परीक्षा काढली. १९२१ मध्ये ते प्रश्न वर्तमानपत्रांत फुटले आणि देशभर करमणूक झाली. फ्रान्सच्या सीमेला कोणते देश लागतात, व्होल्गा नदी कुठे आहे, असले प्रश्न. त्याच वर्षी आइन्स्टाइन बॉस्टनला आला असताना पत्रकारांनी त्याला त्यातला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न टाकला. जे पुस्तकात सहज सापडतं ते मी डोक्यात ठेवत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं. थोडक्यात, आइन्स्टाइनला एडिसनकडे नोकरी मिळाली नसती! इथे कामाचा आणि प्रश्नाचा संबंध तुटला. प्रश्न विचारणारा किती हुशार आहे हे दाखवायला प्रश्न येऊ लागले.

दुसरं वळण दुसऱ्या महायुद्धातलं. अमेरिकेच्या हेरखात्याला शत्रूच्या मुलखात पाठवायची माणसं निवडायची होती. व्हर्जिनियातल्या एका बंगल्यात उमेदवारांना ठेवून त्यांच्या नाना परीक्षा घेत. त्यातली एक अशी. तुम्ही रात्री सरकारी कचेरीत गुप्त कागद चाळताना सापडलात असं समजा. बारा मिनिटांत त्याचं निरपराध वाटेल असं कारण तयार करा. मग डोळ्यांवर झगझगीत दिवा सोडून उलटतपासणी. खेकसणं, शब्दात पकडणं, तू खोटं बोलतोस म्हणणं. हेराला ते आवश्यकच होतं, पकडला गेला तर जीवाशी गाठ. १९४८ मध्ये या सगळ्याचं पुस्तक निघालं. पण दबावाखाली मुलाखत घ्यायची ही रीत कचेऱ्यांतही रुळली. साबण विकणाऱ्या पोराला हेराच्या परीक्षेला बसवायचं कारण काय, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

मग उमेदवारही काही कमी नव्हते. १९५६ मध्ये विल्यम व्हाइट या पत्रकाराने मोठ्या कंपन्यांतल्या नोकरदारांवर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं, त्याच्या शेवटी कंपन्यांच्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांत फसवाफसवी कशी करावी याचं चक्क परिशिष्ट दिलं. सारांश काय, तर जितकं सर्वसामान्य, बेतास बात उत्तर द्याल तितके गुण जास्त. पुढे १९७० आणि ८० च्या दशकांत मुलाखतीत काय बोलावं याची पुस्तकंच बाजारात आली. 'माझा सर्वांत मोठा दोष म्हणजे मी फार परिपूर्णतेच्या मागे लागतो' हे सुप्रसिद्ध उत्तर अशाच पढतमूर्खपणातून आलेलं. विचारणारा पुस्तकातला प्रश्न विचारतो, सांगणारा पुस्तकातलं उत्तर देतो आणि दोघंही एकमेकांना भेटत नाहीत. स्वगतंच ती!

आता जरा आपल्याकडे येतो. १९७० आणि ८० च्या दशकांत महाराष्ट्रातल्या बी.एस्सी. झालेल्या मुलांसाठी 'एम.आर.' ही मोठी वाट होती. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. टाय, बॅग, स्कूटर आणि फिरती. १९७६ मध्ये या लोकांच्या सेवाशर्तींसाठी केंद्राचा वेगळा कायदाही झाला. मुलाखती बहुधा हॉटेलच्या खोलीत होत. माझी १९८४ मध्ये पुण्यात झाली. तिघे जण बसले होते. बाहेर बाकावर आम्ही वीसेक जण, प्रत्येकाच्या हातात फाईल आणि मानेला उसना टाय.

मला पेन नाही, पेपरवेट दिला. विका म्हणाले. वर पंखा गरगरत होता आणि साहेबांच्या पुढ्यातले अर्ज फडफडत होते. मी विचारलं, "सर, आज सकाळपासून किती वेळा कागद उचलायला लागले?" ते हसले. पुढचा प्रश्न आला, "डॉक्टर म्हणाले, चालते व्हा. काय कराल?" मी म्हटलं, "चालता होईन सर. पण पुढच्या मंगळवारी परत येईन. त्यांची गर्दी कधी कमी असते ते कंपाउंडरला विचारून." त्यात हुशारी काही नव्हती. आमचं किराणा दुकान होतं, आणि वडिलांकडे ऑर्डर मागायला येणारे बिस्किटवाले, साबणवाले मी लहानपणापासून बघत होतो. वडील ओरडले की निघून जाणारे आणि पुढच्या आठवड्यात हसत येणारे. दुकानात कोण टिकलं आणि कोण नाही, ते मला पाठ होतं.

पुढे टेबलापलीकडे बसलो तेव्हा कळलं की विचारणाऱ्याच्या डोक्यात भीती एकच असते. हा टिकेल का? १९६४ साली हार्वर्डच्या व्यवस्थापनाच्या मासिकात मेयर आणि ग्रीनबर्ग या दोघांनी चांगला विक्रेता कशाने होतो यावर लेख लिहिला. त्यात विमा धंद्याचे आकडे आहेत. नव्याने घेतलेल्या एजंटांपैकी निम्म्याहून जास्त पहिल्या वर्षातच सोडून जात, आणि तीन वर्षांत जवळजवळ ८० टक्के गेलेले असत. सुरुवातीला म्हटलं ना, सेल्समध्ये जागा असतेच? त्या जागा अशा रिकाम्या होतात! लेखकद्वयाच्या मते दोन गोष्टी लागतात. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते जाणवणं, आणि त्याने 'हो' म्हणावं ही स्वतःची आतली ओढ. नुसती पहिली असेल तर माणूस चहा पिऊन गप्पा मारून ऑर्डर न घेता परततो. नुसती दुसरी असेल तर दार आपटलं जातं.

हे दोन धरून तिरक्या प्रश्नांकडे बघा, ते एकदम सरळ दिसायला लागतात. 'पेन विका' म्हणजे तू आधी ऐकतोस की आधी बोलतोस? 'तुझा दोष सांग' म्हणजे तुला कुणी चूक दाखवली तर तू फुगून बसतोस का? 'आधीची नोकरी का सोडलीस' म्हणजे आमच्याबद्दलही उद्या असंच बोलशील का? 'टार्गेट झालं नाही तर' म्हणजे महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला तू फोन उचलशील की बंद ठेवशील? 'पाच वर्षांनी कुठे असशील' म्हणजे तुझ्यावर आम्ही केलेला खर्च वसूल होईपर्यंत थांबशील का?

या प्रश्नांना उत्तर म्हणून गुण सांगू नका, घडलेली गोष्ट सांगा. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. १९८० च्या आसपास गॅरी लॅथम आणि टॉम जॅन्झ अशा संशोधकांनी मुलाखतीची पद्धतच बदलायचा प्रयत्न केला. लॅथमचं म्हणणं, कामात खरोखर येणारा प्रसंग सांगा आणि काय कराल ते विचारा. जॅन्झचं म्हणणं, तुम्ही पूर्वी अशा वेळी काय केलंत ते विचारा. सगळ्यांना तेच प्रश्न आणि गुण द्यायची रीतही ठरलेली. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडीच्या पद्धतींवरचं जुनं संशोधन पुन्हा तपासलं, तेव्हा अशी बांधीव मुलाखत यादीत सर्वांत वर निघाली. उलट, विमानात गोल्फचे बॉल किती मावतील छापाच्या कोड्यांबद्दल गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये साफ सांगितलं की त्यातून काहीच कळत नाही. विचारणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटतं, एवढंच. एडिसनचा नव्वद वर्षांनी निकाल लागला म्हणायचा!

आणि ते पेन... २०१३ च्या 'द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट' या सिनेमाने ते जगभर पोचवलं. तो सिनेमा जॉर्डन बेलफर्ट या शेअरदलालाच्या आयुष्यावर आहे, ज्याने १९९९ मध्ये फसवणुकीचा गुन्हा कबूल केला आणि पुढे तुरुंगात गेला. सिनेमात एक जण पेन काढून घेतो आणि म्हणतो, नाव लिहून दे. लिहायला पेन नाही, म्हणजे गरज निर्माण झाली! टाळ्या पडतात. पण खुद्द बेलफर्टनेच नंतर सांगितलं की खरं उत्तर ते नाहीच, तुम्ही किती दिवसांपासून पेन शोधताय, हे आधी विचारायला हवं. आमच्या दुकानातल्या बिस्किटवाल्याला हे ठाऊक होतं.

आता दोन प्रश्न असे, ज्यांच्याबद्दल मला मनापासून सांगायचंय.

पहिला मुलींना विचारला जातो. घरातल्या एका मुलीला याच वर्षी एका कंपनीत विचारला गेला. "लग्नानंतर काय करणार?" शेजारी बसलेल्या मुलाला हा प्रश्न नव्हता. आपल्याकडे १९७६ च्या समान वेतन कायद्यातच, सारख्या कामासाठी भरती करताना स्त्री म्हणून भेदभाव करू नये असं आलं होतं. तरी पन्नास वर्षांनी हा प्रश्न जिवंत आहे. त्यामागची कामाची काळजी शोधली तर ती असते फिरतीची. तेव्हा उत्तर फिरतीचं द्यावं. "महिन्यातून दहा दिवस बाहेरगावी जावं लागेल हे मला माहीत आहे, मी जाईन." आवाज न चढवता, माफी न मागता. तरीही समोरचा लग्नावरच अडून बसला, तर ती माहिती त्याने तुम्हाला दिलेली आहे. कंपनी कशी आहे ते तुम्हाला फुकटात कळलं. ती मुलगी हेच उत्तर देऊन बाहेर आली. नोकरी मिळाली नाही. मला तिचं काहीही चुकलं असं वाटत नाही, आणि हे मी मुद्दाम इथे लिहितोय, कारण घरात काही जणांनी तिला 'जरा गोड बोलायचं होतंस' असं ऐकवलं आहे.

दुसरा प्रश्न, "ऑर्डर हातातून जातेय, थोडं खोटं बोलावं लागलं तर?" औषधांच्या धंद्यात तो वेगळ्या वेषात येतो. "डॉक्टर म्हणाले, मला काय देणार? तर?" डॉक्टरांना भेटवस्तू देण्यावर २०२४ च्या केंद्राच्या आचारसंहितेने बंदी घातली आहे, तेव्हा आता उत्तराला कागदाचा आधारही आहे. पण कागद नव्हता तेव्हाही उत्तर तेच होतं. एम.आर.ला त्याच डॉक्टरकडे वर्षानुवर्षं जायचं असतं. एकदा औषधाबद्दल खोटं सांगितलं की ते दार कायमचं बंद, आणि मधल्या मध्ये कुणाच्या तरी आजारी आईच्या पोटात ती गोळी गेलेली असते. बँकेत आणि विम्यात जाणाऱ्यांनीही हे ऐकावं. २०१० मध्ये विमा नियामकाला युलिप पॉलिसींवरच्या खर्चांना लगाम घालावा लागला होता. त्याआधी 'तीन वर्षं भरा, पैसे दुप्पट' असं ऐकून कितीतरी पेन्शनरांनी सह्या केल्या होत्या. त्यातले काही आपल्याच नात्यातले आहेत, नावं घेत नाही. सांगणारे दुष्ट नव्हते. आपल्या मुलांच्याच वयाचे, टार्गेटखाली दबलेले. म्हणून या प्रश्नाला उत्तर मुलाखतीच्या आदल्या रात्री शोधू नका. ते तुमचं तुम्हाला आधी ठाऊक असायला हवं. "नाही बोलणार, ऑर्डर गेली तरी चालेल" हे सांगून जी नोकरी जाते, ती आज ना उद्या तुम्हाला गिऱ्हाइकाच्या घरासमोरून मान खाली घालून जायला लावणारीच होती.

शेवटी एक. मुलाखत संपताना "तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हणतात, तोही प्रश्नच असतो. तिथे "नाही सर" म्हणून उठू नका. विचारा, "या जागेवर आधी कोण होतं? ते का गेले? किती दिवस होते?" तुम्ही टिकाल का ही त्यांची काळजी असेल, तर त्यांच्याकडे माणसं टिकतात का ही तुमची असायलाच हवी. उत्तर देताना समोरचा चुळबुळला तर ते बघून ठेवा. विक्रेत्याचं पहिलं काम बघणं आणि ऐकणं, ते तिथूनच सुरू होतं.

शंभर वर्षांत चेहरा वाचून झाला, केसांचे रंग बघून झाले, दिवे डोळ्यांवर मारून झाले, विमानात गोल्फचे बॉल भरून झाले. माणूस विकू शकेल की नाही हे कळायला शेवटी त्याने काय केलंय ते नीट विचारावं लागतं आणि त्याने ते खरं सांगावं लागतं. एवढ्या साध्या गोष्टीला इतका वेळ का लागला असेल?

असो. लांबलं बरंच. तुमच्या वाट्याला आलेला सर्वांत तिरका प्रश्न कोणता, तो जरूर कळवा. पेपरवेट अजून माझ्याकडे आहे, नोकरी लागल्यावर साहेबांनी दिला होता. तो मात्र विकायचा नाही. :)